चार टोपणं

सुभेदार लालासाहेब फौजेतून रिटायर होऊन गावी आले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण गावानं त्यांना अजून ड्यूटीवरून सोडलं नव्हतं. रहिमतपूरच्या बाजारातून कुणी पिकाच्या औषधाची बाटली आणली आणि तिच्यावर बारीक इंग्रजी असलं, की ती बाटली आधी लालासाहेबांच्या ओट्यावर यायची. ते चष्मा पुसायचे, बाटली हातभर लांब धरायचे, घसा साफ करायचे आणि मग निकाल द्यायचे.

"एका पंपाला दोन टोपणं."

झालं. पंप म्हणजे पाठीवर घ्यायचा पंधरा लिटरचा फवारणीचा पंप, आणि टोपण म्हणजे ज्या बाटलीतलं औषध तिचंच टोपण. आपल्याकडं मिलिलिटर सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. दुकानदार टोपणात सांगतो, शेतकरी टोपणात विचारतो, आणि पिकंही बिचारी टोपणावरच वाढतात. लालासाहेबांना हे पटत नसे, पण गावात राहायचं तर गावाच्या भाषेत बोलावं लागतं, म्हणून तेही हिशेब मिलिलिटरमध्ये करायचे आणि सांगायचे टोपणात.

हिशेबाची त्यांना भारी हौस. फौजेत त्यांची उमर पेट्रोल-डिझेलच्या डेपोत गेली होती. त्यातला काही काळ शांतिसेनेबरोबर सुदानात. तिथं अमेरिकेहून तेलाचे डबे यायचे आणि सगळं माप गॅलनात असायचं. तिथं त्यांना कळलं की गॅलन दोन तऱ्हेचे असतात. इंग्रजांचा गॅलन साडेचार लिटरचा, आणि अमेरिकेचा पावणेचारला थोडा जास्त. हे ज्ञान त्यांनी गावात इतक्या वेळा सांगितलं होतं, की गोठ्यातल्या म्हशीला विचारलं असतं तर तीही आधी "कुठला गॅलन?" म्हणाली असती. पण गावाला त्याचा अभिमान होता. सुभेदारांचं माप म्हणजे मिलिट्रीचं माप, ते चुकायचं नाही, असं लोक म्हणायचे. लालासाहेब वरवर "छे, छे" करायचे आणि आतून फुगायचे.

यंदा फाल्गुनात त्यांचा पुतण्या ऋषिराज अमेरिकेहून आला. येताना काकांसाठी त्यानं एक गॅलनचा, कान असलेला पांढरा प्लास्टिकचा डबा आणला. आत कडुनिंबाचं तेल आणि साबण यांचं दाट मिश्रण होतं, पानांवरची कीड मारायचं. सामानात एवढं वजन आणलं आणि ते काय, तर कडुनिंब, म्हणून त्याच्या आईनं कपाळावर हात मारला. कडुनिंब काय कमी आहे का आपल्याकडं? पण लालासाहेब खूश झाले. डब्यावर गॅलन होता, औंस होता. त्यांच्या सगळ्या विद्येला एकदम काम मिळालं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात रेश्माच्या वांग्यांवर पांढरी माशी पडली.

रेश्मा ही तीन घरं पलीकडच्या मनुबाईंची थोरली सून. नवरा जयराज फौजेत, वरती कुठंतरी बर्फात. घरची सगळी जमीन उसाखाली, आणि ती बघायला धाकटा दीर पृथ्वीराज. ओढ्याकडेचा दहा गुंठ्यांचा एक तुकडा तेवढा रेश्मानं सासूच्या मागं लागून लागून मिळवला होता. "एक हंगाम मला करू द्या, आत्या, माझ्या मनानं." मनुबाईंनी हो-नाही करत दिला, पण अट घातली, की एकदा नासलं तर पुन्हा मागायचं नाही. रेश्मानं तिथं वांगी लावली. सरीवरून चालताना तिची चाल बदलायची, हे लालासाहेबांनी स्वतः पाहिलं होतं. घरात ती सून होती, तिथं ती मालकीण होती.

पान उलटं करून दाखवायला ती लालासाहेबांच्या ओट्यावर आली. पानाच्या पाठीवर माशीचा पांढरा थर होता.

"काय मारू, आबा?"

लालासाहेबांनी तिला दुकानात जाऊच दिलं नाही. आतून अमेरिकेचा डबा आणला आणि ओट्यावर ठेवला. त्यांची बायको रंगुबाई म्हणालीसुद्धा, "आवं, आधी आपल्या दोन सऱ्यांवर मारून बगा की." पण सुभेदारांच्या अंगात सुदान संचारला होता.

"हे बघ, पोरी. एका गॅलन पाण्याला एक औंस, असं लिहिलंय. आता गॅलन कुठला? अमेरिकेचा. म्हंजे पावणेचार लिटर. आपला पंप पंधरा लिटरचा. चार गॅलन झालं. चार गॅलनला चार औंस. औंस म्हंजे तीस मिलीला जरा कमी. पंपाला एकशेवीस मिली."

हिशेब बिनचूक होता. साडेचार धरून चुकणारे चुकतात, ते इथं चुकले नव्हते. पण मिलिलिटर ऐकून रेश्माचा चेहरा कोराच राहिला, तेव्हा सवयीनं त्यांच्या तोंडून पुढचं वाक्य निघालं. वर्षानुवर्षं ज्या वाक्यानं गाडी थांबायची, तेच.

"म्हंजे चार टोपणं."

एक औंस म्हणजे एक टोपण, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. रेश्मानं डब्याचं टोपण काढून हातात घेतलं. मुठीएवढं होतं ते, वाटीसारखं खोल.

"आबा, एवढाली चार? लय मोठं हाय वो टोपण."

"अमेरिकेचा डबा, अमेरिकेचं टोपण," लालासाहेब म्हणाले. "तुला वाचाय येतंय का ह्यावरलं? न्हाई ना? मग चार म्हंजे चार."

रेश्मानं टोपण परत लावलं. शेजारी दोघेतिघे बसले होते, ते हसले. लालासाहेबही हसले.

दुपारी ऊन उतरायच्या सुमारास रेश्मा डबा परत घेऊन आली. दहा गुंठ्यांना चार पंप लागले होते. तिनं डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "आबा, निम्मा संपला." लालासाहेबांनी तिला सकाळीच सांगितलं होतं, की हा डबा दोन घरांना वर्षभर पुरंल. ते म्हणाले, "पांढरी माशी लय असली की लागतं." आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. रेश्मा गेली. डबा उचलून आत ठेवताना तो त्यांच्या हाताला फारच हलका लागला.

दिवेलागणीला ते परसात गेले. टोपण उजेडाकडं धरून आत पाहिलं. आतल्या बाजूला, पांढऱ्यावर पांढऱ्याच उठावाच्या चार रेघा होत्या, एकाखाली एक, आणि प्रत्येकीशी एकेक आकडा. तळाजवळच्या रेघेशी एक, काठाजवळच्या रेघेशी चार. तरी त्यांचा विश्वास बसेना. कोनाड्यात फौजी कॅन्टीनच्या रमची रिकामी क्वार्टर होती. क्वार्टर म्हणजे एकशेऐंशी मिली, ह्या बाबतीत कुठल्याही सुभेदाराला कुणी शिकवायची गरज नसते. टोपण औंसाचं असतं तर क्वार्टर भरायला सहा टोपणं लागली असती. त्यांनी टोपण पाण्यानं भरून बाटलीत ओतलं. दुसरं निम्मं ओतलं तोच पाणी गळ्याशी आलं.

एका टोपणात चार औंस. म्हणजे पूर्ण पंपाला एकच टोपण. पोरीनं चौपट औषध मारलं होतं, उन्हाच्या दिवसांत, कोवळ्या पानांवर.

त्यांना काय करायचं हे ठाऊक होतं, हे इथं सांगितलंच पाहिजे. लगोलग साध्या पाण्याचे पंप मारून पानं धुवायची. तेल सगळं जाणार नाही, पण बरंच उतरेल. ते चपला घालून निघालेदेखील. तीन घरं, किती तो रस्ता! मनुबाईंच्या दारात पृथ्वीराज आणि डेअरीवरची दोन माणसं गप्पा मारत बसली होती. त्यांना बघून पृथ्वीराज उठला.

"या, सुभेदार! वैनीनं अमेरिकेचं औषध मारलं म्हणं आज. गॅलनचा हिशेब करून!"

सगळे कौतुकानं त्यांच्याकडं बघत होते. लालासाहेबांच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिथंच अडकलं. 'उद्या सकाळी सांगू, इतक्यात काय होतंय,' असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि तोंडानं म्हणाले, "आता बगा, माशी राहती का."

आणि माघारी आले.

माशी राहिली नाही, हे खरं. पानंही राहिली नाहीत. दुसऱ्या दिवशीचं ऊन चढलं तशा कडा तपकिरी पडायला लागल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी पानं तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी करपली. फुलं गळून सरीत पडली. रेश्मा बांधावर बसून होती. मनुबाईंनी रान बघितलं आणि घरी येऊन सुनेला जे बोलल्या ते गल्लीनं ऐकलं. पृथ्वीराजनं भावाला फोन लावला, मग जयराजही तिकडून बोलला. रेश्मा एकच सांगत होती, "आबांनी चार टोपणं सांगितली, मी चारच घातली."

"सुभेदार चुकतील व्हय?" मनुबाई म्हणाल्या. "तूच कायतरी दुसरं ऐकलंस. डोकं सगळं रानात, कान जाग्यावर न्हाईत."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. ओढ्याकडेच्या तुकड्यातली वांगी उपटून पृथ्वीराज तिथं ऊस लावणार, असं ठरलं. लालासाहेबांना ही सगळी खबर रंगुबाईकडून कळत होती. ते ओट्यावर बसेनासे झाले. कुणी बाटली घेऊन आलं तर आतूनच "डोळं दुखत्यात" म्हणून सांगायचे. जेवताना घास तोंडात फिरायचा. रंगुबाईनं एकदा विचारलं, "काय हुतंय तुमाला?" त्यावर ते तिच्यावरच ओरडले, आणि मग आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी उसाचं बेणं आणायला ट्रॅक्टर जाणार असं ऐकलं, तेव्हा ते उठले आणि मनुबाईंच्या सोप्यात जाऊन उभे राहिले.

"वैनी, पोरीची चूक न्हाई. माप मी चुकीचं सांगितलं."

 मनुबाईंचे डोळे भरून आले. "भावजी," त्या म्हणाल्या, "केवढं मोठं मन तुमचं! आमच्या सुनेची झाकायला तुमी सोताच्या डोक्यावर घेताय. न्हाईतर तुमचं माप चुकतंय व्हय?" आणि त्यांनी पृथ्वीराजला हाक मारली. "पाया पड, रं. अशी माणसं आता कुठं बगाय मिळायची?"

पृथ्वीराज वाकला. लालासाहेब म्हणाले, "तसं न्हाई, वैनी," पण एकदाच म्हणाले, आणि हळू. टोपणातल्या रेघा सांगता आल्या असत्या. रमची क्वार्टर सांगता आली असती. त्यांनी काही सांगितलं नाही. चहा आला. आणणारी रेश्माच होती. तिनं कप समोर ठेवला आणि वर न बघता आत गेली. लालासाहेबांनी चहा घेतला.

घरी जाताना त्यांना हलकं वाटत होतं. सांगून तर टाकलं, आता कुणी ऐकलं नाही त्याला आपण काय करणार? दुसऱ्या दिवशी डेअरीवर लोकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. झाल्या गोष्टीची चर्चा आधीच होऊन गेली होती. "परक्याच्या सुनेसाठी कोण एवढं करतंय!" असं कुणीतरी म्हणालं. आणि लालासाहेबांना, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. ते त्या खुर्चीवर बसले.

परतताना वाटेत रेश्मा भेटली. डोक्यावर वैरणीचा भारा होता. ती थांबली.

"आबा, एक इचारू? तुमी काल आमच्यात का आला हुतासा?"

"खरं सांगाय आलो हुतो, पोरी."

"आधी नुसत्या आत्या मला बोलत हुत्या," रेश्मा म्हणाली. "तवा निम्मं गाव म्हणत हुतं, पोरगी खरं बी बोलत असंल. आता सगळं गाव म्हणतंय, सुभेदारानं झाकलं. म्हंजे झाकण्यासारखं काय तरी केलंच हुतं की मी. तुमी आला नसतासा तरच बरं हुतं."

आवाज चढवला नाही, रडली नाही. भाऱ्यावरचा हात बदलून ती पुढं गेली. लालासाहेब भर रस्त्यात उभे राहिले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणायची पद्धत आहे, पण जमीन असलं काही करत नाही. शेवटी एका मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा ते बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मनुबाईंना घेऊन आपल्या रानात गेले. रस्त्याला लागूनच त्यांच्या स्वतःच्या वांग्याच्या चार सऱ्या होत्या, जांभळ्या फुलांनी भरलेल्या. पाठोपाठ पृथ्वीराज आला, आणि म्हातारबुवा काय करतात ते बघायला आणखी चार माणसं. लालासाहेबांनी डबा मनुबाईंच्या हातात दिला.

"वैनी, तुमच्या हातानं घाला. चार टोपणं, काठोकाठ. मी पोरीला सांगितली तशी."

"आवं, पर कशाला..."

"घाला."

मनुबाईंनी चार टोपणं ओतली. लालासाहेबांनी पंप पाठीवर घेतला, पट्टा ओढला आणि दोन सऱ्यांवर फवारलं. पासष्टी ओलांडलेला माणूस, खांद्याला रग लागली, पण पृथ्वीराज पुढं झाला तेव्हा त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. मग पंप धुतला, पुन्हा पाणी भरलं, मनुबाईंकडून एकच टोपण घालून घेतलं आणि उरलेल्या दोन सऱ्यांवर मारलं. टोपण पालथं करून सगळ्यांना आतल्या रेघा दाखवल्या. लोकांनी माना डोलावल्या, पण माना डोलावणं आणि पटणं यांत अंतर असतं. लालासाहेब म्हणाले, "आता ऊन काय करतंय ते बगा."

उन्हानं कुणाची भीड धरली नाही. दोन सऱ्या करपून काळ्या पडल्या. शेजारच्या दोन सऱ्या हिरव्यागार, फुलं जागच्या जागी. रस्त्यानं जाणारा-येणारा सायकल थांबवून बघू लागला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून मनुबाईच एका सकाळी रेश्माला आणि पृथ्वीराजला घेऊन बांधावर येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं. मग सुनेकडं वळल्या.

"माझंच चुकलं, पोरी. तुकडा तुझा तुझ्यापाशीच राहू दे. ऊस-बीस काय न्हाई लावायचा तिथं."

रेश्मानं मान खाली घातली आणि पदरानं तोंड पुसलं. लालासाहेबांच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं, तेवढ्यात मनुबाई त्यांच्याकडं वळल्या. त्यांचा आवाज पुन्हा तसाच दाटला.

"आन् भावजी, तुमी! सोताचं रान जाळलंसा खऱ्यापायी. पृथ्वी, बगतोस काय?"

पृथ्वीराज वाकला. आजूबाजूची माणसं त्याच त्या कौतुकाच्या डोळ्यांनी बघत होती. लालासाहेबांनी पाय मागं घेतले.

"थांब, रं. अजून एक ऱ्हायलंय."  ते रेश्माकडं बघून बोलले. "माप चुकलं हे मला त्याच दिशी कळलं हुतं. तू डबा ठिवून गेलीस, त्याच सांजंला."

 पृथ्वीराज निम्मा वाकलेला होता, तो सरळ झाला.

"त्याच सांजंला?" रेश्मानं विचारलं.

"व्हय. सांगाय निघालो हुतो. तुमच्या दारापतूर आलो हुतो. माणसं बसली हुती, लाज वाटली."

"तवा सांगितलं असतं तर?"

"साध्या पाण्यानं धुतली असती तर निम्मी वांगी वाचली असती. जास्त बी वाचली असती."

 रेश्माच्या चेहऱ्यावर राग असता तर लालासाहेबांना बरं वाटलं असतं.

"पंप दारातच हुता, आबा," ती म्हणाली. "धुऊन, साधं पाणी भरून ठिवला हुता मी, नळीतलं त्याल उतरावं म्हणून. तुमी हुबा हुता, तिथंच."

मग ती बांधावरून उतरली आणि आपल्या तुकड्याकडं चालू लागली. मनुबाई तिच्या मागोमाग गेल्या. पृथ्वीराज आणि बाकीची माणसंही एकेक करून पांगली. लालासाहेब त्या जळक्या सऱ्यांमध्ये उभे राहिले, आणि मग खाली बसून एकेक झाड उपटायला लागले.